रिकाम्या खुर्चीचा अर्ज

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आमचे बाबा ती बत्तीस वर्षं रोज चढले, कारण त्यांची नोकरीच तिथे होती. अमरावतीच्या कोर्टात ते बेंच क्लार्क होते. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसायचं, बोर्डावरची प्रकरणं एकेक करून पुकारायला द्यायची, कागद वर पोचवायचे, पुढची तारीख लिहायची. या माणसाला म्हातारपणी, परक्या देशात, स्वतःच्या नावाने कोर्टात उभं राहावं लागेल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ती वेळ आली, आणि आणली मीच.

आम्ही डब्लिनजवळ लिक्सलिपला राहत होतो. नवरा चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, मी शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत. नव्वदचं दशक संपता संपता आलो तेव्हा गावात आपली चार-दोन घरं होती. मग जिकडे बघावं तिकडे क्रेन उभ्या राहिल्या आणि दर महिन्याला कुणीतरी पुण्याहून नाहीतर नागपूरहून प्रेशर कुकर घेऊन उतरू लागलं. आमची मुलगी तिथलीच. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर मिळे ते अस्सल आयरिश इंग्रजीत.

आई गेल्यावर बाबा अमरावतीत एकटे राहिले. मी एकुलती एक. फोनवर ते नेहमी "मजेत आहे" म्हणायचे. एका डिसेंबरात मी न कळवता जाऊन थडकले, तर ओट्यावर बिस्किटांचे पुडे, चहाचं पातेलं आणि बाकी काही नाही. पोळपाटावर धूळ बसलेली. बाबांचा शर्ट खांद्यावरून लोंबत होता. मी चिडले, भांडले, रडले, आणि बाबांना उचलून लिक्सलिपला घेऊन आले. कागदोपत्री तीन महिन्यांसाठी.

तीन महिन्यांत त्यांचे गाल भरले. नातीला शाळेत सोडणं, आणणं, तिच्याकडून पाढे म्हणवून घेणं हे त्यांचं काम झालं. मग आम्ही रीतसर अर्ज केला की यांना आमच्यापाशीच राहू द्या. सात महिन्यांनी न्यायमंत्र्यांच्या खात्याकडून नकार आला. पत्रात लिहिलं होतं की अर्जदाराला पेन्शन आहे, सबब ते मुलीवर अवलंबून नाहीत.

"पेन्शन पोळ्या लाटते का?" मी त्या पत्राला विचारलं. माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणी मध्ये पडलं नाही.

बाबांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. "मसुदा चांगला आहे," ते म्हणाले. "पण कारण एकच देऊन राहिले. वरच्या कोर्टात टिकाचं नाही."

आमच्या सॉलिसिटर, म्हणजे वकील बाईंचंही मत तेच पडलं. घोगऱ्या आवाजाच्या, सदा घाईत, पण समजावून सांगायला लागल्या की घाई विसरणाऱ्या. त्या म्हणाल्या, "हायकोर्ट तुमच्या वडिलांना राहू द्या असं सांगणार नाही. नकार नीट विचार करून दिला होता का, एवढंच बघेल. नसेल तर पुन्हा विचार करायला लावेल. आणि निकाल लागेपर्यंत त्यांना कुणी परत पाठवणार नाही." म्हणजे सगळं त्या एका निकालावर येऊन ठेपलं. बाजूने लागला तर बाबा आमच्याकडे, नाही तर पुन्हा ते बिस्किटांचे पुडे.

पहिल्या तारखेला बाबा कोट-टाय घालून तयार. मी बसमध्ये पुन्हा पुन्हा फाइल उघडून बघत होते आणि हे शेजारी बसून नदीवरचे पूल मोजत होते. नदीकाठच्या हायकोर्टाच्या घुमटाच्या इमारतीत शिरल्या शिरल्या त्यांनी पहिली गोष्ट विचारली, "बोर्ड कुठे लागतो?" भिंतीवरची यादी शोधून काढली, आमचा नंबर पाहिला, आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. न्यायाधीशांच्या जागेखाली काळ्या झग्यातला एक पिकल्या केसांचा गृहस्थ कागद लावत होता. बाबांनी मला कोपराने ढोसलं. "तो मी," ते म्हणाले. तिथे त्याला रजिस्ट्रार म्हणतात, पण काम बाबांचंच.

साडेदहाला रजिस्ट्रार उभा राहिला आणि म्हणाला की आज न्यायाधीश उपलब्ध नाहीत, ही सगळी प्रकरणं पुढे ढकलली आहेत. सगळे उठले. बाबांनी मात्र बाहेर पडण्याआधी वळून त्या रिकाम्या खुर्चीला मान लववली.

"बाबा, तिथे कुणी नाही."

"खुर्ची आहे ना," ते म्हणाले.

असं चार वेळा झालं. आमच्यासारखी प्रकरणं ज्यांच्यापुढे चालत ते न्यायाधीश हिवाळ्यात निवृत्त झाले होते. दुसऱ्या कोर्टातून कुणी मोकळं झालं तर चार प्रकरणं निघत, नाही तर नाही. निवृत्तांच्या जागी नवा माणूस नेमायचा तो सरकारने, आणि उन्हाळ्यात निवडणूक होती. सरकार दोन पक्षांचं. मोठ्या पक्षाचा एक माणूस ठरलेला, धाकट्याचा दुसरा. विरोधक म्हणत, निवडणूक तोंडावर आली असताना या सरकारला कुणालाही नेमायचा अधिकार नाही, ते नव्या सरकारवर सोडा. रोज पेपरात कुणी कुणाला काय म्हटलं याच्या बातम्या. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिघांच्या भांडणात चौथ्याचा पार भुगा होत होता आणि चौथे आम्ही होतो.

आम्ही म्हणजे एकटे आम्ही नव्हे. त्या बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये दर वेळी तेच चेहरे असत. नायजेरियाची एक बाई कडेवर मूल घेऊन यायची. पहिल्या तारखेला ते मूल झोपलेलं होतं, चौथ्या तारखेला कॉरिडॉरभर धावत होतं. एक फिलिपिनो नर्स रात्रपाळी करून थेट येई आणि भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलक्या घेई. बाबा सगळ्यांशी हसत आणि मग खिशातली छोटी डायरी काढून बोर्डावरचे नंबर उतरवून घेत. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी विरंगुळा हवा, असं मी समजले.

तोवर रजिस्ट्रार आणि बाबा यांची नुसत्या माना हलवण्याची ओळख झाली होती. तिसऱ्या तारखेला मी म्हटलं, "बाबा, त्याला विचारा ना, आपलं नक्की कधी लागेल? तुमच्याच जातकुळीचा माणूस आहे, सांगेल."

बाबांचा चेहरा एकदम बंद झाला. "आपल्या घरच्या प्रकरणाचं विचाराचं नसतं."

मला तो चेहरा लहानपणापासून माहीत होता. मी सातवीत असताना माझ्या मामाचा शेताच्या बांधाचा दावा बाबांच्याच कोर्टात लागला. त्या दिवशी बाबांनी साहेबांना सांगून आपलं टेबल शेजारच्या कोर्टातल्या कारकुनाशी बदलून घेतलं. मामाचं प्रकरण बोर्डावर असेल त्या प्रत्येक दिवशी ते असंच करत. आई म्हणाली, "अहो, निदान पुढची तारीख तरी सांगा माझ्या भावाला." बाबा म्हणाले, "बोर्डावर लागते. सगळे वाचतात, त्यानेही वाचावी." मामाने वाचली नाही, एक तारीख चुकली, आणि तो इतका दुखावला की दोन वर्षं भाऊबीजेला आला नाही. आई ताट तयार करून दाराकडे बघत बसायची. माझे वडील दगड आहेत, असं मी तेव्हा पक्कं ठरवलं होतं. ते मत मी पुढे बदललं नव्हतं, फक्त त्याच्यावर बोलणं सोडून दिलं होतं.

आता शेजारच्या आजींबद्दल सांगायला हवं. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. त्यांचं आमच्या किल्डेअर जिल्ह्याचं इंग्रजी आणि बाबांचं कोर्टाचं इंग्रजी कुंपणावरून एकमेकांना कसं कळे ते देव जाणे, पण तासन् तास चाले. त्या ब्राउन ब्रेड आणि कालचा पेपर द्यायच्या, बाबा चिवडा द्यायचे. खुर्चीचं भांडण त्यांनीच बाबांना खुलासेवार समजावून दिलं. वर म्हणाल्या, "जो कुणी येईल तो कुणाचा तरी चुलतभाऊच असणार."

"आमच्याकडे पण असंच," बाबा आनंदाने म्हणाले. मग संध्याकाळी मला म्हणाले, "बसेपर्यंत माणूस कोणाचा तरी असतोच. बसला की खुर्ची त्याला धरते. सगळ्यांनाच धरत नाही, पण बहुतेकांना धरते. मी पाहिलं आहे."

"काहीतरीच," मी म्हटलं.

चौथ्या तारखेनंतर आजी म्हणाल्या की असं हातावर हात ठेवून काय बसता, जाऊन 'युअर मॅन'ला भेटा. युअर मॅन म्हणजे ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो. इथे तो म्हणजे टीडी, तिथला आमदार समजा. हे टीडी दर शनिवारी एखाद्या हॉटेलच्या मागच्या खोलीत बसतात आणि लोक रांग लावून गाऱ्हाणी सांगतात. रस्त्यातला खड्डा, आजीचं ऑपरेशन, पोराची शाळा. बाबांना हे ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. आपल्याकडे याहून वेगळं काय असतं?

मला न सांगता त्यांनी अर्ज लिहिला. अमरावतीहून येताना लोकांनी लोणची-पापड आणले असते. बाबांनी आणखी एक वस्तू आणली होती, कार्बन पेपर. मी तेव्हा हसले होते. त्या कार्बनांवर जोर देऊन त्यांनी मूळ प्रत आणि चार नकला काढल्या. खाली बत्तीस वर्षांच्या सवयीने ओळ घातली, "प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय रवाना", आणि मतदारसंघातल्या पाचही उमेदवारांना एकेक पाठवली. एका कचेरीला अर्ज द्यायचा तर बाकी संबंधितांना प्रत द्यायचीच, नाही तर उद्या कुणी म्हणेल आम्हाला कळवलं नाही. त्यांच्या लेखी यात गैर काही नव्हतंच. सरकारी दफ्तरात मुरलेल्या मराठी माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला सुचलीही नसती.

मग शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांची एक सभा झाली. बाबा आणि आजी गेले. मला सांगितलं, "कार्यक्रम आहे." तिथे काय झालं ते मला नंतर आजींनी साभिनय सांगितलं.

सरकारच्या मोठ्या पक्षाचा उमेदवार उठला, कोटाच्या खिशातून कागद काढला आणि म्हणाला, हे बघा, या गावातल्या एका वृद्ध सद्गृहस्थाने मला विश्वासाने लिहिलेलं पत्र, खुर्ची ताबडतोब भरली पाहिजे आणि आमचे मित्रच ती अडवून बसलेत. मित्रपक्षाचा उमेदवार उठला, हे पत्र तर मला आलंय. विरोधी बाई उठल्या, त्यांच्या हातातही तेच पत्र, त्या म्हणाल्या, हिवाळाभर खुर्ची रिकामी ठेवलीत आणि आता पत्रं वाचता? तिघे तीन कागद हलवतायत आणि मूळ पत्र कुणाचं यावर जुंपली आहे. शेवटी मागच्या रांगेतून आमचे बाबा उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "मूळ प्रत पहिल्या साहेबांकडे आहे. बाकीच्या कार्बन कॉप्या. क्रम मतपत्रिकेप्रमाणे, आडनावांच्या अक्षरांनुसार लावला आहे."

आजी म्हणाल्या, हॉल इतका हसला की अध्यक्षांना घंटी सापडेना. पुढच्या आठवड्यात गावच्या पेपरात बाबांचा कोट-टायमधला फोटो आला, आणि मथळ्यात 'न्यायाधीश मागणारे आजोबा'.

मी तो मथळा ऑफिसात वाचला, कारण सॉलिसिटर बाईंचा फोन तिथेच आला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा घोगरा होता. कोर्टात प्रकरण चालू असताना पक्षकाराने कोर्टाबद्दल राजकारण्यांना पत्रं लिहावीत? सरकारी वकील हा कागद नाचवणार. नवा न्यायाधीश म्हणेल, माझ्यावर दडपण आणू बघता? किंवा म्हणेल, मी हे प्रकरण ऐकतच नाही, पुढच्या माणसाची वाट बघा. मी फोन ठेवला आणि काम तसंच टाकून निघाले.

घरी गेले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. त्या दिवशी मी जे बोलले ते सगळं मला आठवतं आणि सगळं मी लिहिणार नाही. तुमच्यासाठी आम्ही जिवाचं रान करतोय आणि तुम्ही गावभर तमाशा करून राहिलात. आईच्या भावाला साधी तारीख सांगितली नाहीत, तेव्हा कुठे गेली होती तुमची अर्ज लिहायची हौस? आणि शेवटी, "निकालाची एवढी घाई असेल ना, तर मग जा परत!"

बाबांनी हातातली शेंग सोलून पुरी केली. मग उठून वर गेले. थोड्या वेळाने कपाटावरून बॅग काढल्याचा आवाज आला.

माझी मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची आई नसून त्या खात्याची कुणी अधिकारी आहे. "यू कान्ट सेंड हिम बॅक, मॅम," ती म्हणाली. "दॅट्स द मिनिस्टर्स जॉब." आणि वर आजोबांच्या खोलीत जाऊन बॅगेवरच बसली. जेवायला हाक मारेपर्यंत उठली नाही. बाबा जेवायला आले, मटारची उसळ खाल्ली, चांगली झाली म्हणाले. मी त्यांना आणखी वाढलं. मला माफी मागता येत नाही, ही खोड मी त्यांच्याकडूनच घेतली आहे.

अखेर सभागृह बरखास्त व्हायच्या थोडं आधी खुर्ची भरली. मोठ्या पक्षाचा माणूस आला. पेपरांनी लिहिलं की हे गृहस्थ तरुणपणी त्या पक्षाची पोस्टर्स खांबांवर चिकटवत होते. आमचा दावा होता त्याच पक्षाच्या मंत्र्याविरुद्ध. मी नवऱ्याला म्हटलं, झालं, आगीतून फुफाट्यात. नवरा म्हणाला, बघू. बाबांनी कोटाला इस्त्री केली.

त्या सकाळी कोर्ट भरलेलं होतं. आजी आमच्याबरोबर बसने आल्या होत्या, टोपी घालून. न्यायाधीश आले, सगळे उठले, बाबांनी मान लववली. माणूस ठेंगणा, सर्दी झालेला, सारखा रुमाल काढणारा. आमचा पुकारा झाला, आणि मला ज्याची भीती होती तेच पहिलं झालं. सरकारी वकील उठून म्हणाले की सुरू करण्यापूर्वी एक कागद कोर्टाच्या नजरेला आणणं भाग आहे. त्यांनी पेपरातलं कात्रण आणि कार्बनची एक फिकट नक्कल वर दिली. माझ्या शेजारी सॉलिसिटर बाईंनी डोळे मिटले.

न्यायाधीशांनी ते वाचलं. सावकाश, पान उलटून. मग विचारलं, "याला एक यादी जोडली आहे. ही काय आहे?"

सरकारी वकिलांनी सांगितलं की अर्जदाराच्या म्हणण्याप्रमाणे, खुर्ची रिकामी असल्यामुळे ताटकळलेल्या प्रकरणांचे हे नंबर आहेत.

"सत्तावीस आहेत," न्यायाधीश म्हणाले. "आजच्या प्रकरणाचा यात कुठला?"

वकिलांनी आपली प्रत पाहिली. पुन्हा पाहिली. न्यायाधीशांनी यादी खाली रजिस्ट्रारकडे दिली. त्याने बोट ठेवून वरपासून खालपर्यंत एकेक नंबर तपासला आणि मान हलवली. आमचा नंबर यादीत नव्हता.

ते पत्र मी वाचलंच नव्हतं. मी फक्त मथळा वाचला होता.

आमची बाजू मांडायला सॉलिसिटर बाईंनी उभे केलेले बॅरिस्टर काही बोलायच्या आत न्यायाधीशांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. "सद्गृहस्थांना स्वतः सांगायचं असेल तर माझी हरकत नाही. तुमचा नंबर का घातला नाहीत?"

बाबा उठले. कोटाचं बटण लावलं. "माय लॉर्ड, मी बत्तीस वर्षं कोर्टात क्लार्क होतो. क्लार्कने आपल्या घरच्या फाइलला हात लावायचा नसतो."

रजिस्ट्रारने खालच्या टेबलाशी मान खाली घातली, पण मला त्याचा चेहरा दिसला, तो हसत होता. न्यायाधीशांनी रुमाल काढला, नाक पुसलं. म्हणाले, पत्रात कुणाच्याही बाजूने काही मागितलेलं दिसत नाही, फक्त कुणीतरी येऊन बसावं एवढंच मागितलं आहे, आणि ते मी आता केलेलंच आहे. तरी कुणाची हरकत असेल तर मी बाजूला होतो. सरकारी वकील म्हणाले, हरकत नाही. आणि प्रकरण सुरू झालं.

परतीच्या बसमध्ये आजी पुढच्या सीटवर पेंगत होत्या. मी बाबांना म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले..."

"कोणत्या दिवशी?" बाबा खिडकीबाहेर बघत होते. "बोर्डावर नाही त्याचा पुकारा करत नसतात."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. सातवीपासून मी या माणसावर एक आरोप ठेवून होते, आणि तो बसल्या जागी निकालात निघाला. मामासाठी जो नियम, तोच स्वतःसाठी. दगड नव्हतेच ते. ताट घेऊन दाराकडे बघत बसलेल्या आईला हे कळलं असतं तर, एवढंच वाटत राहिलं. कदाचित तिला कळलेलं असेलही. तिने बाबांना त्यावरून पुन्हा कधी टोकलं नव्हतं.

महिन्याभराने निकाल लागला. पोस्टर्स चिकटवणाऱ्या त्या माणसाने आपल्याच लोकांच्या सरकारला सांगितलं की पेन्शन आहे एवढ्यावरून म्हातारा माणूस एकटा राहू शकतो असं ठरत नाही, नकार रद्द, पुन्हा विचार करा. खुर्चीने त्याला धरलं होतं. तोवर निवडणूक होऊन गेली होती. दिवाळीच्या आधी खात्याचं नवं पत्र आलं. दोन ओळी, परवानगी दिली आहे. मी ते पत्र आधी पूर्ण वाचलं, खालच्या सहीपर्यंत, आणि मगच आरडाओरडा केला. आजी कुंपणापलीकडून "ग्रँड, ग्रँड" म्हणत रडत होत्या.

त्या देशाचे माझ्यावर उपकार आहेत. तिथे मला रागही पुष्कळ आला, पण ज्या सरकारने नाही म्हटलं त्याच सरकारने नेमलेला माणूस त्याला हो म्हणायला लावून गेला, हे मी विसरत नाही. सॉलिसिटर बाईंनी बाबांना चहाला बोलावून कार्बन पेपर बघायला मागितला. रजिस्ट्रारने निकालाच्या दिवशी टेबलावरून उठून येऊन बाबांशी हात मिळवला आणि दोघं कितीतरी वेळ बोलत राहिले, कशावर ते मला कुणीच सांगितलं नाही.

परवानगी आल्यावर बाबा कोर्टात जायचे थांबतील असं मला वाटलं होतं. पण ते जातच राहिले. महिन्यातून दोन-तीनदा सकाळी बसने निघायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, खुर्चीला मान लववून दुपारी परत यायचे. कधी आजी सोबत असायच्या. नातीला शाळेतून आणायच्या वेळेला हजर. मी विचारलं, तर म्हणाले, "बसून बरं वाटते." मी म्हटलं, जाऊ दे, विरंगुळा आहे.

बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लिक्सलिपलाच गेले, आपल्या अंथरुणात, नातीने इंग्रजीत वाचून दाखवलेला पेपर ऐकत. त्यांचे कपडे आवरताना कोटाच्या आतल्या खिशात ती छोटी डायरी सापडली. सत्तावीस नंबर एकाखाली एक, प्रत्येकापुढे बारीक अक्षरात निकालाची तारीख आणि एक खूण. ते सगळे सुटेपर्यंत दीड वर्ष लागलं होतं. शेवटच्या नंबराखाली एक रेघ मारलेली होती, आणि रेघेखाली, वेगळ्या शाईत, अठ्ठाविसावा नंबर होता. आमचा. तो त्यांनी आमच्या निकालाच्या दिवशी लिहिला नव्हता. सत्ताविसाव्या माणसाचा निकाल लागला, त्या दिवशीची तारीख त्याच्यापुढे होती.